खंडेनवमीला घासलेला हूक

मी पोलाद तोडायचं काम करतो. गावाकडं हे सांगितलं की माणसं हसतात. आई तर अजून फोनवर विचारते, "तोडायचंच हाय तर घण घाला की. त्याला पगारी माणूस कशाला?" मी तिला समजावून सांगायचं सोडून दिलंय. काम सावलीतलं आहे एवढं तिला कळतं, आणि तेवढ्यावर ती खूश आहे.

आमची लॅब शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कंपन्या आपल्या लोखंडाचे तुकडे पाठवतात. आम्ही त्यातून बोटाएवढे लांब चौकोनी पीस कापतो, प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक खाच पाडतो आणि तो मशिनवर आडवा ठेवतो. मग वरून जड हातोडा झोक्यासारखा सुटतो, पीस तोडतो आणि पलीकडं वर जातो. पलीकडं तो जितका कमी वर गेला, तितका जास्त मार पीसानं खाल्ला. लोखंडाचा चिवटपणा मोजायची ही पद्धत. चिवट लोखंड तुटतानाही फाटत, वाकत तुटतं. ठिसूळ असेल तर काही न सांगता दोन तुकडे होतात, बिस्किटासारखे.

थंडीत तर लोखंडाचा स्वभावच बदलतो. म्हणून काही पीस सुका बर्फ टाकलेल्या स्पिरिटात बुडवून गार करतात. चिमटाही त्याच भांड्यात गार करायचा. पीस बाहेर काढला की तो कोमट व्हायच्या आत हातोडा सुटला पाहिजे. मी जात्याच घाबरट. दाराची कडी लावून पुन्हा बघायला परत जाणारा. पण या कामाला तसाच माणूस लागतो, असं सर म्हणतात, आणि ते तसं म्हणाले की माझा तो दिवस बरा जातो.

हे काम मला मामांमुळं मिळालं. सख्खे मामा नाहीत. किनवटकडच्या डोंगरात आमच्या शेजारच्या वाडीतले. आमची मेंढरं होती. वडलांचा गुडघा गेला तेव्हा आठवीतून माझी शाळा सुटली आणि मी कळपामागं फिरायला लागलो. पुढं कळपही राहिला नाही. मामा इथं एका कंपनीत क्रेन चालवत होते. दिवाळीला गावी आले, मला बघितलं आणि जाताना सोबतच घेऊन आले. त्यांच्याच खोलीत ठेवलं. औरंगपुऱ्यात नेऊन बूट घेऊन दिले, दुकानदाराला म्हणाले, "घट्ट दे. सैल बूट घातला की ह्यो चालताना खालीच बघतो." मग लॅबच्या सरांपुढं उभं केलं. "पोरगं भेतंय लई, पण हात थरथरत नाय त्याचा." सरांनी ठेवून घेतलं. मामींनी त्या दिवसापासून दुसरा डबा भरायला सुरुवात केली. आज मी वेगळ्या खोलीत राहतो, पण जेवायला तिथंच असतो. मामांचं मी काय काय देणं लागतो याचा हिशोब होणारा नाही, आणि तो कधी मागितला जाईल अशी भीतीही वाटत नाही. माझ्यासारख्या माणसाला एका तरी माणसाची भीती वाटू नये, ही लई मोठी गोष्ट आहे.

मग एका वर्षी भाद्रपदात मामांच्या क्रेनचा हूक तुटला.

त्यांच्या कंपनीत पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे असतात. एकेक साचा खोलीतल्या कपाटाएवढा. तो पट्ट्यानं बांधायचा, हूकाला अडकवायचा आणि क्रेननं उचलून दुसऱ्या प्रेसवर न्यायचा. बांधायचं काम मामांच्या जोडीदाराचं. दोघं कित्येक वर्षं एकत्र. तो हर्सूलचा, हे शेंद्र्याचे, दुपारी डबा एकत्र. त्याच्या घरची मिरचीची भाजी मामींना शिकायची होती, इतकं ते जवळचं. त्या दिवशी साचा जमिनीवरून गुडघाभर वर गेला आणि हूक मानेपाशी तुटला. साचा जोडीदाराच्या पायावर आला. गुडघ्याखालचा पाय डॉक्टरांना ठेवता आला नाही.

क्रेन चालवायला एक लटकता डबा असतो, त्यावर बटणं. बटण अर्धं दाबलं की क्रेन हळू उचलते, पूर्ण दाबलं की जोरात. पट्टा आधी अर्ध्या बटणावर ताणून घ्यायचा, मग पूर्ण दाबायचं, हा नियम. पट्टा सैल असताना पूर्ण दाबलं तर झटका बसतो. जोडीदारानं दवाखान्यातूनच सांगितलं, "त्यानं पूर्ण दाबलं. पट्टा सैल होता."

मामांना कंपनीनं विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं, की आठवत नाही.

"अर्धंच दाबलं आसंल की," मी त्यांना म्हणालो. "इतकी वर्षं तुम्ही..."

"इतकी वर्षं दाबलं म्हणून तर आठवत नाय," ते म्हणाले. "तू जेवताना पहिला घास कोणत्या बाजूनं चावला, सांग बरं."

कंपनीनं त्यांना क्रेनवरून काढून पॅकिंगला बसवलं. चौकशी संपेपर्यंत, असं सांगून. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. पण ते सारखे उजव्या अंगठ्याकडं बघायचे. जेवताना, बसमध्ये. मामींनी एकदा वैतागून म्हटलं, "आता काय त्या आंगठ्याचा फोटो लावायचा का भिंतीवर, हार घालून?" ते हसले, आणि पुन्हा बघायला लागले. एकदा मला म्हणाले, "मला नोकरीचं काय नाय रे. हात माझा चुकला का लोखंड चुकलं, एवढं कुणी तरी सांगा. चुकला आसंल तर चुकला. पण कळू तर दे."

आणि मी अशा लॅबमध्ये होतो जिथं हे कळतं. मी त्यांना हे छाती ठोकून सांगितलं. हूक आमच्याकडंच येणार होता. दुसरी अशी लॅब त्या भागात जवळपास नव्हती.

हूक आला तो दसरा झाल्यावर. कंपनीच्या सुपरवायझरनं दोन्ही तुकडे गोणपाटात गुंडाळून आणले होते. सरांनी टेबलावर गोणपाट सोडलं आणि तसेच उभे राहिले. मी पलीकडून पुढं झालो.

तुटलेली तोंडं आरशासारखी चमकत होती. वायर ब्रश फिरवलेला, कडा कानशीनं गोल केलेल्या, वरून तेलाचा हात. मानेवरच्या आट्यांत, नट फिरवायच्या खाचांत, हळद-कुंकू भरलेलं आणि झेंडूची एक वाळकी पाकळी अडकलेली.

"हे कोणी साफ केलं?" सरांनी विचारलं.

"खंडेनवमी झाली ना सर," सुपरवायझर म्हणाला. "आमच्याकडं त्या दिवशी एक पानासुद्धा मळका राहत नाही. हा त्याच ऑपरेटरनं केला. त्याचा हूक तोच साफ करतो दर वर्षी, दुसऱ्याला हात लावू देत नाही. या वर्षी हूक नव्हता, तर स्टोअरमधून तुकडे मागून घेतले त्यानं. मी म्हटलं, देव आहे, करू दे."

सरांनी पावतीवर सही करून त्याला जाऊ दिलं. बोलून होणार काय होतं? तो गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. सर मला नेहमीच समजावून सांगतात, मी न विचारता. "हर्सूलच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं, तेव्हा काठाच्या चिखलात एकाआड एक रेघा राहतात की नाही? लोखंडात जुनी चीर असली तर ती अशीच थोडी थोडी सरकते. प्रत्येक वेळी उचललं की केसभर पुढं. तुटलेल्या तोंडावर तेवढा भाग काळपट, गुळगुळीत दिसतो, रेघारेघांचा. आणि शेवटी एका दमात तुटलेला भाग खडबडीत असतो. चीर जुनी असती तर ती अशी दिसली असती. मग तो हूक आज नाही तर उद्या तुटलाच असता, बटण कसंही दाबलं तरी. नसती दिसली, तर झटका." त्यांनी चमकणाऱ्या तोंडावर बोट फिरवलं. "इथं आता काहीच नाही."

ऑपरेटर माझे मामा आहेत, हे सरांना माहीत होतं. मामांनीच मला त्यांच्यापुढं उभं केलं होतं. सर म्हणाले, "फोटो असेल कुणाकडं. आजकाल फोटो असतो."

मी त्या संध्याकाळी जेवायला गेलो नाही, मामांना फोनच केला. हूक घासल्याचं बोललो नाही. फक्त विचारलं, अपघाताच्या दिवशीचे फोटो कुणाकडं आहेत का. त्यांनी पॅकिंगमधल्या माणसांना विचारलं, त्यांनी प्रेसवाल्यांना. फोटो पुष्कळ आले. साचा कसा पडला त्याचे, फुटलेल्या फरशीचे, रक्ताचे, ॲम्ब्युलन्सचे. कंपनीच्या फोटोंतही हूक होता, पण लांबून, तोंड जमिनीकडं. एकाच्या व्हिडिओत हूकाचा वरचा तुकडा क्रेनला लोंबकळत होता. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. तुकडा गोल फिरत होता. तोंड खालच्या बाजूला होतं, आणि व्हिडिओ घेणारा कधीच त्याच्या खाली गेला नव्हता. कोण जाईल? खंडेनवमीचा फोटो मात्र एकदम स्वच्छ होता. पाटावर दोन्ही तुकडे, झेंडूच्या माळा, उदबत्ती आणि कडेला मामांचा जोडलेला हात.

मग उरलं ते माझं काम. हूकाच्या जाड भागातून मी पीस कापले. तापू नयेत म्हणून सावकाश, पाणी सोडत. खाच पाडली, सरांनी पडद्यावर मोठी करून तपासली. काही पीस तसेच तोडायचे होते, काही गार करून.

लॅबमध्ये इतकी वर्षं झाली, पण मला कधी असं वाटलं नव्हतं की पीस अमुकच निघावा. आलेलं तोडायचं, आकडा सांगायचा. त्या दिवशी मी हातोडा वर अडकवला आणि मनात म्हणत होतो, वाईट निघ. ठिसूळ निघ. बिस्किटासारखा तूट. मग तरी सांगता येईल की लोखंडच तसलं होतं. ठिसूळ पीस तुटला की खण्ण आवाज येतो आणि हातोडा पलीकडं भिरकावल्यासारखा वर जातो. मी खटका ओढला.

धप्प झालं. हातोडा दमल्यासारखा थोडासाच वर गेला. पीसाचे दोन भागही नीट झाले नव्हते, एका कडेला चिकटून राहिले होते, आणि फाटलेला भाग करडा, दोऱ्या दोऱ्यांचा. चांगलं लोखंड असंच तुटतं. दुसराही तसाच. तिसराही. गार केलेल्यांनी थोडा कमी मार खाल्ला, पण त्यांनीही मान टाकली नाही. "उत्तम पोलाद आहे," सर म्हणाले, आणि ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

"चांगल्या पोलादाला चीर पडत नाय का?" मी विचारलं.

"पडते ना. आट्यांच्या खाचेत पडते, पुष्कळ वर्षं उचलून उचलून पडते. हा पीस एवढंच सांगतो की एक घाव खायची ताकद लोखंडात होती. चीर होती का, ते त्याला विचारून उपयोग नाही."

सरांनी सोडलं नाही. शेजारच्या आट्यांवर लाल रंग लावून पुसला, वर पांढरी पावडर मारली. चीर असेल तर लाल रेघ वर येते. ब्रश तिथंही फिरला होता, धातू दाबून सारवल्यासारखा झालेला. एके ठिकाणी पुसट गुलाबी आलं. सर ते बराच वेळ भिंगातून बघत बसले. शेवटी म्हणाले, "हे तुटतानाचंही असू शकतं. मी हे लिहू शकत नाही."

रिपोर्टमध्ये जे लिहिलं ते सरांनी मला आधी मराठीत सांगितलं. पोलाद योग्य आहे. तुटलेलं तोंड आमच्याकडं येण्यापूर्वी घासलेलं होतं, त्यामुळं तुटण्याचं कारण सांगता येत नाही. "तू मामांना आधी सांग," ते म्हणाले. "कंपनीतून कळायच्या आत. तुझ्याकडून कळलेलं बरं."

बरं कसं असेल? पण सरांचं खरं होतं.

मी मामांकडं गेलो. मामी ज्वारी निवडत होत्या. मामांनी मला बघितलं आणि अंगठा मुठीत घेतला, लहान पोरानं घ्यावा तसा.

"लोखंड चांगलं निघालं," मी म्हणालो.

"म्हंजे हात माझा."

"तसं नाय मामा. तसंही नाय म्हणता येत. जुनी चीर असू शकते. ती तोंडावर दिसते."

"मग दिसली का नाय?"

मी ज्वारीच्या सुपाकडं बघत राहिलो. मामा हुशार माणूस. मेंढरू लंगडायच्या आधी त्याच्या उभं राहण्यावरून ओळखणारा.

"घासल्यानं गेलं व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

मामी म्हणाल्या, "आस्सं कसं जाईल? चांगलं निर्मळ केलं हुतं. मी स्वतः हळद दिली डबीतली." मग त्यांनीच सूप खाली ठेवलं.

मामांनी मूठ उघडली. "घासताना मला एक बाजू काळी दिसली हुती. मी म्हटलं, वंगण आसंल. रक्तबिक्त आसंल. ती निघंना म्हणून जास्ती घासली."

काळी म्हणजे चीरच असेल की. मी तसाच बाहेर येऊन सरांना फोन केला. ते हळूच म्हणाले, "असेलही. वंगणही असेल. स्टोअरमध्ये इतके दिवस पडून गंजही असेल. आणि अरे, हे ते स्वतः सांगतायत. त्यांचं कोण धरणार?" मी आत जाऊन ‘असेलही’ एवढंच सांगितलं. पुढचं नाही सांगितलं. मामांनी ते स्वतःच ओळखलं. "ते काय मी कुणाला सांगायचं नाय आता," ते म्हणाले. "सुटायला बोलतोय म्हणतील. मीबी तेच म्हटलं असतं."

मी त्यांना म्हणू शकलो असतो, मामा, ती चीरच होती, मी खात्रीनं सांगतो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. मी तोंड उघडलंही. पण मला खात्री नव्हती, आणि त्यांना खोटी खात्री नको होती. मला घरातून उचलून आणणाऱ्या माणसाला द्यायला माझ्याकडं ‘असेलही’ सोडून काही नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते म्हणाले, "चल, हर्सूलला जाऊ." दवाखान्यातून सोडल्यापासून ते जोडीदाराकडं दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा बाहेरच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन, काही न बोलता. या वेळी मला सोबत घेतलं. मी लॅबवाला, म्हणून.

जोडीदार आतल्या खोलीत पलंगावर बसलेला. टीव्ही चालू, आवाज बंद. मामांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. रिपोर्ट आला. लोखंड चांगलं. चीर होती का नव्हती ते आता कळणार नाही, कारण हूक मी घासला.

"घासला ते म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "फोटो आला हुता पूजेचा, ग्रुपवर. मी दवाखान्यात, आन हूकाच्या गळ्यात हार." मग माझ्याकडं वळला. "तुमची मशीन काय म्हणती, झटका हुता का नाय?"

"आमची मशीन ते सांगत नाय," मी म्हणालो. "फक्त लोखंड किती मार खातं ते सांगते."

"मग माझाबी एक पीस काढून न्या की."

तो हसला नाही. त्याच्या बायकोनं चहा आणला. मामांनी कप हातात धरला तो धरलाच.

"सैल हुता पट्टा," जोडीदार म्हणाला, आता मामांकडं बघून. "मी बघितलं हुतं. मी तुला हात केला हुता, थांब म्हणून. का करायचा हुता, आन केला नाय? आता मलाबी नीट आठवत नाय. पडून पडून रोज येगळंच दिसतंय." त्यानं टीव्हीकडं बघितलं. "पण कुणाचं तरी चुकलंय. पाय काय आपोआप गेला का?"

"माझंच म्हण," मामा म्हणाले.

"तू म्हण म्हणशील तर त्याला काय अर्थ हाय."

बाहेरून कुणाच्या तरी दुचाकीचा हॉर्न वाजला आणि गेला. मग जोडीदारानं पांघरूण बाजूला केलं. त्याला मोरीकडं जायचं होतं. कुबड्या भिंतीला होत्या, बायको आत भांडी लावत होती. त्यानं तिला हाक मारायला मान वळवली, थांबला, आणि मामांकडं हात पुढं केला.

मामांनी कप ठेवला. वाकून त्याच्या काखेत हात घातला.

"सावकाश," तो म्हणाला. "झटका देऊ नको."

तो टोमणा होता का नुसतंच सांगणं, मला कळलं नाही. मामांनाही कळलं नसावं. ते तसेच वाकून राहिले, हात त्याच्या काखेत, उचलायला किती जोर लावायचा ते कळत नसल्यासारखे. मी पलीकडं गेलो आणि दुसऱ्या काखेत हात घातला. तरी मामा उचलेनात.

"घे की आता," जोडीदार म्हणाला. "का दिवसभर ताणूनच ठेवतो?"

आम्ही त्याला उभं केलं. मोरीपर्यंत चार पावलं असतील. मामा तेवढ्यात घामानं भिजले.